सही नाकारणारी माणसं

नमस्कार श्रोतेहो.

१० मार्च २००४. वॉशिंग्टनमधल्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात जॉन अ‍ॅशक्रॉफ्ट आजारी पडून होते. अ‍ॅशक्रॉफ्ट हे त्या वेळचे अमेरिकेचे अ‍ॅटर्नी जनरल, न्यायखात्याचे प्रमुख. आजारपणामुळे खात्याचा कारभार त्यांचे डेप्युटी जेम्स कोमी पाहत होते. त्या संध्याकाळी व्हाइट हाउसमधून दोन बडे अधिकारी त्यांच्या खाटेपाशी आले. एक राष्ट्राध्यक्षांचे कायदा सल्लागार अल्बर्टो गोन्झालेस, दुसरे राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाचे प्रमुख अँड्र्यू कार्ड. त्यांना एका कागदावर अ‍ॅशक्रॉफ्ट यांची संमती हवी होती. कोमींनी ती आधीच नाकारली होती.

कागद होता पाळत ठेवण्याचा. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी एक गुप्त कार्यक्रम सुरू केला होता. न्यायालयाच्या वॉरंटशिवाय फोन आणि ईमेल यांच्यावर नजर ठेवायची, असा तो कार्यक्रम. देशात अशी पाळत ठेवायची तर खास न्यायालयाची परवानगी घ्यावी, असा कायदा १९७८ पासून होता. निक्सन यांच्या काळातले गैरप्रकार उघडकीला आले, त्यानंतर झालेला हा कायदा. कार्यक्रमाची मुदत थोड्या थोड्या दिवसांनी वाढवावी लागे आणि प्रत्येक वेळी अ‍ॅटर्नी जनरलची सही लागे. न्यायखात्यातले जॅक गोल्डस्मिथ यांनी सगळं प्रकरण तपासलं आणि सांगितलं, की यातल्या काही भागाला कायद्याचा आधारच नाही. मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती.

दोघे निघाल्याची खबर लागताच कोमी धावत रुग्णालयात पोहोचले, त्या दोघांच्या आधी. पुढचं त्यांनी २००७ मध्ये सिनेटच्या समितीसमोर सांगितलं. अ‍ॅशक्रॉफ्ट यांनी उशीवरून मान उचलली, आपले आक्षेप स्पष्ट शब्दांत मांडले, आणि कोमींकडे बोट दाखवून म्हणाले, की सध्या अ‍ॅटर्नी जनरल हे आहेत. सही झाली नाही.

अ‍ॅशक्रॉफ्ट काही मवाळ माणूस नव्हते, हे लक्षात घ्या. दहशतवादाविरुद्धच्या कडक कायद्यांची बाजू त्यांनी जाहीरपणे लावून धरली होती. बुश यांच्याच पक्षाचे, त्यांनीच नेमलेले. व्हाइट हाउसने न्यायखात्याच्या संमतीशिवाय कार्यक्रम पुढे रेटला, तेव्हा कोमी, एफबीआयचे संचालक रॉबर्ट मुलर आणि इतर काही जण राजीनामे द्यायला तयार झाले. मग बुश नमले आणि कार्यक्रमात बदल झाले. देशाला मात्र या पाळतीचा पत्ता लागला डिसेंबर २००५ मध्ये, तोही वर्तमानपत्रातून.

राष्ट्राध्यक्षांच्या अधिकाराला मर्यादा कोणती, असं विचारलं की आपण राज्यघटना, न्यायालय, संसद अशी नावं घेतो. त्या संध्याकाळी यातलं कोणीही जागेवर नव्हतं. गुप्त कारभारात समोर विरोधी वकील नसतो, बातमीदार नसतो. तिथे मर्यादा म्हणजे सही करायला बसलेला माणूस. तो डगमगला की कायदा केवळ कागदावर उरतो.

आणि याच खात्यात माणसं डगमगली होती. १ ऑगस्ट २००२ रोजी न्यायखात्याच्या कायदेशीर सल्ला कार्यालयातून एक टिपण निघालं. मसुदा मुख्यतः जॉन यू यांचा, सही जे बायबी यांची. शारीरिक यातना कशाला म्हणायचं? तर अवयव निकामी होणं किंवा मृत्यू यांच्या तोडीची वेदना असेल तरच, असं त्यात लिहिलं होतं. पुढे असंही, की युद्धकाळातल्या चौकशीत सरसेनापती म्हणून राष्ट्राध्यक्षांचे हात संसदेचा कायदासुद्धा बांधू शकत नाही. त्याच दिवशीच्या दुसऱ्या टिपणाने सीआयएला वॉटरबोर्डिंगची मुभा दिली. म्हणजे माणसाला बांधून, तोंडावर कापड टाकून, पाणी ओतून बुडण्याचा अनुभव द्यायचा. अल-कायदाशी संबंधाच्या संशयावरून पकडलेल्या अबू झुबेदा याच्यावर ऑगस्ट २००२ मध्ये हा प्रयोग ८३ वेळा झाला. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांचा सूत्रधार मानला जाणारा खालिद शेख मोहम्मद याच्यावर मार्च २००३ मध्ये १८३ वेळा. दुसऱ्या महायुद्धानंतर कैद्यांचे असे हाल करणाऱ्या जपानी सैनिकांवर अमेरिकेनेच खटले भरले होते.

छळ जगात सगळीकडे होतो आणि तो लपवला जातो, हे आपल्याला ठाऊक आहे. इथे तो आधी कायद्याच्या भाषेत बसवला गेला, सुशिक्षित वकिलांच्या हातून. मला हे छळाहून कमी भयंकर वाटत नाही. कोणी म्हणेल, हजारोंचे जीव वाचणार असतील तर काय करायचं? प्रश्न प्रामाणिक आहे, तो झटकून टाकू नये. सिनेटच्या गुप्तवार्ता समितीने लाखो पानं चाळून २०१४ साली निष्कर्ष काढला, की माहिती मिळवायला हे मार्ग उपयोगी ठरले नाहीत. सीआयएला तो मान्य नव्हता. पण माहिती मिळाली असती तरी बांधलेल्या माणसाला गुदमरवण्याचा अधिकार राज्याला मिळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

यातनांची व्याख्या करणारं ते टिपण २००४ मध्ये गोल्डस्मिथ यांनी मागे घेतलं. लिहिणाऱ्यांवर खटला झाला नाही. सही करणारे बायबी तोवर संघराज्याच्या अपील न्यायालयात न्यायाधीश झाले होते.

मग न्यायालयं? ती बोलली, आणि काही वेळा फार चांगलं बोलली. कोरियाचं युद्ध सुरू असताना, एप्रिल १९५२ मध्ये, राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी संप टाळण्यासाठी देशातले पोलाद कारखाने सरकारच्या ताब्यात घेतले. दोन महिन्यांच्या आत सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी ते बेकायदा ठरवलं. नऊच्या नऊ न्यायमूर्ती रूझवेल्ट किंवा ट्रूमन यांनी नेमलेले होते. त्यातले रॉबर्ट जॅक्सन १९४१ मध्ये अ‍ॅटर्नी जनरल असताना विमान कारखान्याच्या अशाच जप्तीचं समर्थन करून बसले होते. न्यायासनावरून त्यांनी लिहिलं, की संसदेच्या इच्छेविरुद्ध वागणाऱ्या राष्ट्राध्यक्षाची ताकद सगळ्यात कमी असते. आजही हाच निकाल पुढे केला जातो. ट्रूमन यांनी त्याच दिवशी कारखाने परत केले.

पण त्याच न्यायालयाने १९४४ मध्ये कोरेमात्सू खटल्यात जपानी वंशाच्या लोकांना घरादारातून उठवणाऱ्या आदेशावर शिक्कामोर्तब केलं होतं. सुमारे १ लाख २० हजार माणसं छावण्यांत गेली, त्यातली बहुसंख्य अमेरिकेचे नागरिक. सरकारने १९८८ मध्ये माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २० हजार डॉलर दिले. तोवर चार दशकं उलटली होती. क्युबातल्या ग्वांतानामोच्या अमेरिकी तळावर दहशतवादाच्या संशयावरून पकडलेले पहिले कैदी जानेवारी २००२ मध्ये आणले गेले. आपली कैद वैध आहे का हे न्यायाधीशाला विचारण्याचा घटनात्मक हक्क त्यांना आहे, असा निकाल लागला जून २००८ मध्ये. न्याय मिळाला, पण मधली साडेसहा वर्षं कोण परत देणार?

आता १ जुलै २०२४ चा निकाल पाहू. त्या वेळी माजी राष्ट्राध्यक्ष असलेल्या ट्रम्प यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं, की घटनेने खास राष्ट्राध्यक्षांकडे दिलेले अधिकार वापरताना केलेल्या कृतींबद्दल त्यांच्यावर फौजदारी खटला भरता येणार नाही. न्यायखात्याच्या अधिकाऱ्यांशी झालेली बोलणीही या कवचात आली. म्हणजे सहीसाठी दबाव आणणारे शब्दच खटल्याबाहेर गेले. सही करणाऱ्या अधिकाऱ्याला असं कवच मिळालेलं नाही, पण राष्ट्राध्यक्ष त्याला क्षमादान देऊ शकतात. नकार देणाऱ्या अ‍ॅटर्नी जनरलला तर ते त्याच दिवशी पदावरून दूर करू शकतात.

म्हणून नकार देणाऱ्याच्या पाठीशी काही ठोस उभं हवं. पाळत, कैद, चौकशी यांबाबत न्यायखात्याने दिलेला प्रत्येक गुप्त सल्ला ठरावीक दिवसांत संसदेच्या गुप्तवार्ता समित्यांच्या सर्व सदस्यांसमोर गेलाच पाहिजे, असा कायदा अमेरिकेत व्हावा. २००४ मध्ये त्या समित्यांच्या बहुतेक सदस्यांनासुद्धा पाळतीच्या कार्यक्रमाची माहिती दिलेली नव्हती.