कॅप, ऐकू येतंय का?

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय सुपरहिरोंच्या टीम-अप पिक्चरबद्दल, म्हणजे एरवी आपापल्या गोष्टीत एकेकटे फिरणारे हिरो ज्या पिक्चरमध्ये एकत्र येतात ना, ते. आणि आधीच सांगते, मला हे पिक्चर जीव तोडून आवडतात, लहानपणी कॉमिक वाचत होते तेव्हापासून, त्यामुळे दोन्ही बाजू समतोल मांडायला दुसरं कुणीतरी बोलवा, मी आज एकाच बाजूनं बोलणारे.

कुणी म्हणेल, हा तर बघायचा विषय, रेडिओवर काय बोलणार त्यावर? तर ऐका. १९४५ साली अमेरिकेत सुपरमॅनची रेडिओ मालिका चालू होती आणि त्यात बॅटमॅन आणि रॉबिन आले. तोपर्यंत कॉमिकच्या कव्हरवर हे दोघं शेजारी शेजारी दिसायचे खरे, पण आत उघडून बघाल तर सुपरमॅनची गोष्ट वेगळी, बॅटमॅनची वेगळी. दोघांना एकमेकांचं खरं नाव कळतं ती गोष्ट कॉमिकमध्ये छापून यायला १९५२ उजाडलं. म्हणजे सात वर्षं आधी लोकांनी ही जोडी कानानं ऐकली होती. आणि क्रिप्टोनाइट, सुपरमॅनला गारद करणारा तो दगड, तोही पहिल्यांदा रेडिओवरच आला, १९४३ ला, कॉमिकमध्ये १९४९ ला. तेव्हा रेडिओवर हा विषय पाहुणा नाहीये, घरचाच आहे.

तर टीम-अप म्हणजे काय, तीन पायऱ्या लक्षात ठेवा. आधी भेट, मग भांडण, मग एकत्र. परत सांगते, आधी भेट, मग भांडण, मग एकत्र. यातलं मधलं भांडण गाळलं की सगळं फुकट जातं, हे माझं ठाम मत आहे.

पहिली टीम जमली १९४० मध्ये, जस्टिस सोसायटी ऑफ अमेरिका, ऑल स्टार कॉमिक्सच्या तिसऱ्या अंकात. आणि पहिल्या बैठकीत त्यांनी केलं काय, तर टेबलाभोवती बसून प्रत्येकानं आपापली गोष्ट सांगितली. खांद्याला खांदा लावून लढाई वगैरे नाहीच. भेट झाली, गप्पा झाल्या. मला ते फार गोड वाटतं. मग १९६० ला जस्टिस लीग आली, त्यांच्यासमोर शत्रू कोण तर अंतराळातून आलेला अवाढव्य तारामासा, स्टारो. आणि १९६३ ला मार्व्हल या कॉमिक कंपनीत स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी अव्हेंजर्स काढली, आणि ती टीम कशी जमली हे रेडिओच्या श्रोत्यांना माहीत असायलाच हवं. थॉरचा भाऊ लोकी, त्याला थॉरला अडकवायचं असतं, म्हणून तो हल्कवर खोटा आळ आणतो. हल्कचा मित्र रिक जोन्स, कोवळा पोरगा, तो रेडिओवरून फँटॅस्टिक फोर या दुसऱ्या टीमला हाक मारतो. लोकी त्या लहरींची दिशा बदलतो, हाक फक्त थॉरपर्यंत जावी म्हणून. पण ती आयर्न मॅनलाही ऐकू जाते, अँट-मॅन आणि वास्पलाही ऐकू जाते, आणि सगळे धावत येतात. येतात आणि पहिलं काम काय करतात, तर हल्कशी मारामारी, जो बिचारा सर्कशीत यंत्रमानव बनून लपलेला असतो. भेट, भांडण, मग एकत्र. आणि ही एकत्र यायची हाक आली रेडिओवरून, हे डोक्यात ठेवा, पुढे लागणारे.

पिक्चरमध्ये हे यायला इतकी वर्षं का लागली, तर थोडक्यात सांगते, कारण हक्क. मार्व्हल कंपनी १९९६ मध्ये दिवाळखोरीत गेली, त्या सगळ्या काळात एकेका हिरोचे पिक्चरचे हक्क वेगवेगळ्या स्टुडिओंकडे गेले, एक्स-मेन फॉक्सकडे, स्पायडरमॅन सोनीकडे. कागदावर एका पानात भेटणारे हिरो पडद्यावर एका वकिलाच्या टेबलावरही भेटेनात. मग उरलेल्यांना घेऊन मार्व्हलनं स्वतःचा स्टुडिओ उभा केला, २००८ ला आयर्न मॅन आला, आणि त्याच्या अगदी शेवटी, सगळी नावं सरकून गेल्यावर, डोळ्यावर काळी पट्टी असलेला, टीम जमवणारा निक फ्युरी येऊन अव्हेंजर्सचं नाव घेतो. तिथून चार वर्षं, आयर्न मॅन धरून पाच पिक्चर, आणि मग २०१२ चा अव्हेंजर्स. नावं सरकताना उठून जाणारे लोक मला कधीच कळले नाहीत, सुपरहिरो बाजूला ठेवा, ती शेकडो माणसांची नावं असतात, ज्यांनी तुमचे तीन तास सुखाचे केले, पाच मिनिटं बसायला काय होतं. असो.

आता मला जे सांगायचंय ते सांगते. माझ्या मामाची गोष्ट.

मला कॉमिक वाचायला मामानं शिकवलं. शिकवलं म्हणजे मला अक्षरं येत नव्हती तेव्हा तो वाचून दाखवायचा, आणि नुसतं वाचायचा नाही तर आवाज काढायचा, हल्कचा वेगळा, थॉरचा वेगळा, कॅप्टन अमेरिकेची ढाल भिंतीवर आपटून परत येते त्याचा वेगळा. चौकटीवर बोट ठेवायचा आणि म्हणायचा, "इथे थांब, आधी चित्र नीट बघ, मग पान उलट." आम्ही एकेका पानावर इतका वेळ बसायचो की आजी ओरडायची.

पुढे मामाला काचबिंदू झाला. कडेकडेनं दिसणं कमी होत गेलं, जसं कुणी पडदा दोन्ही बाजूंनी हळूहळू ओढत आणतंय. २०१२ चा अव्हेंजर्स त्यानं पुढच्या रांगेत बसून मान फिरवत फिरवत पाहिला, कारण अख्खा पडदा एकदम दिसत नव्हता. त्यात ती जागा आहे ना, सहाही जण गोल उभे राहतात आणि कॅमेरा त्यांच्याभोवती फिरतो, तेव्हा मामा म्हणाला, "हे बरंय, माझ्यासाठीच फिरवला, एकेक जण समोर येतोय."

२०१५ ला दुसरा अव्हेंजर्स आला तेव्हा मी शेजारी बसून कानात सांगायला लागले होते. त्यात पार्टीचा सीन आहे, सगळे निवांत बसलेत आणि थॉरचा हातोडा टेबलावर ठेवलाय, जो लायक असेल त्यालाच उचलता येतो, आणि एकेक जण ओढून बघतो, कुणाला जमत नाही. मग कॅप्टन अमेरिका, म्हणजे कॅप, उठतो, दोन्ही हातांनी ओढतो, आणि हातोडा अगदी तसूभर, म्हणजे लक्ष नसेल तर कळणारही नाही इतका, हलतो, आणि थॉरचं हसू क्षणात मावळतं. मी मामाच्या कानात म्हणाले, "थोडासा हलला." मामा पडद्याकडे न बघता माझ्याकडे वळला. "थोडासा म्हणजे? अगं, हलला म्हणजे हलला. हे लक्षात ठेव."

मी ठेवलं लक्षात. चार वर्षं ठेवलं.

२०१९ ला अव्हेंजर्सचा एंडगेम. मार्व्हल स्टुडिओचा बाविसावा पिक्चर, तीन तासांचा. तोपर्यंत मामाला उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. घरी सगळे म्हणत होते की कशाला नेतेस, त्याला काय दिसणार, आणि मामा म्हणत होता की न्यायचंच, पहिल्याच दिवशी, कारण नंतर कुणीतरी शेवट सांगून टाकेल. (शेवट सांगणाऱ्या लोकांबद्दल मी एक वेगळं भाषण देऊ शकते.) बसलो दोघं कोपऱ्यातल्या खुर्च्यांवर, म्हणजे कुणाला त्रास नको. तरी पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी दोनदा वळून बघितलं, मग मी त्यांना हळूच कारण सांगितलं, तर ते म्हणाले, अहो सांगा, बिनधास्त सांगा.

गंमत अशी की मला फार सांगावंच लागत नव्हतं. मामाला आवाजावरून सगळं कळत होतं. हातातून गोळा सुटायच्या आधीची ती चढत जाणारी शीळ, आयर्न मॅन. ठण्ण करून धातू, ढाल. मी फक्त मधले रंग भरत होते.

शेवटची लढाई सुरू झाली. थॉर खाली पडलाय, खलनायक थॅनॉस त्याचीच कुऱ्हाड त्याच्या छातीत दाबतोय, आणि मागे जमिनीवर पडलेला हातोडा हळूच वर उठतो. मी म्हणाले, "हातोडा उठला." मामा म्हणाला, "थॉरनं बोलावला." सगळ्यांना तेच वाटतं. हातोडा येतो, थॅनॉसवर आदळतो, आणि परत जातो, पण थॉरकडे नाही. कॅप्टन अमेरिकेच्या हातात जातो.

थिएटर फुटलं. लोक उभे राहिले, किंचाळत होते, त्या गदारोळात पडद्यावरचा एक शब्द ऐकू येईना, आणि मामा माझा दंड धरून विचारतोय, "काय झालं? अगं काय झालं?" आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना, मी रडत होते. शेवटी एवढंच जमलं, "उचलला. कॅपनं उचलला." मामा गप्प. आणि मग इतक्या मोठ्यानं ओरडला की पुढचे गृहस्थ दचकले, "मी म्हणालो होतो! हलला म्हणजे हलला!"

पण माझी आवडती जागा ही नाही. ती पुढे आहे.

थोड्या वेळानं सगळं हातातून जातं. ढाल तुटलीय, बाकी कुणी उभं नाही, समोर थॅनॉसचं अख्खं सैन्य, आणि कॅप एकटा, तुटक्या ढालीचा पट्टा हातावर आवळून उभा राहतो. मी हे सगळं मामाला सांगतेय, कापऱ्या आवाजात, एकटा आहे मामा, कुणीच नाहीये. थिएटरात चिडीचूप. आणि तेव्हा कॅपच्या कानातल्या यंत्रात खरखर होते. नुसती खरखर, आणि एक तुटक आवाज, कॅप, ऐकू येतंय का?

पडद्यावर तेव्हा काहीच नाहीये. फक्त कॅपचा गोंधळलेला चेहरा. डोळे असलेले आम्ही सगळे तो चेहरा बघतोय आणि विचार करतोय की काय चाललंय. आणि माझ्या शेजारून मामा शांतपणे म्हणाला, "सॅम आला."

पहिल्या खरखरीला. पुढच्या वाक्यात सॅम, कॅपचा जुना मित्र, स्वतःचं नाव सांगतो, सोनेरी वर्तुळं उघडायला लागतात, त्यातून आधीच्या पिक्चरमध्ये नाहीसा झालेला एकेक जण बाहेर येतो आणि लोक वेडे होतात, ते सगळं नंतर. त्या भरलेल्या थिएटरात मला तरी सगळ्यात आधी कळलं ते मामामुळे, ज्याला पडदा दिसतच नव्हता. मग मी एकेक नाव सांगत गेले, ब्लॅक पँथर, डॉक्टर स्ट्रेंज, वास्प, स्पायडरमॅन, आणि तो प्रत्येक नावाला माझा हात दाबत होता, अगदी तसंच जसं लहानपणी चौकटीवर बोट ठेवायचा, इथे थांब, नीट बघ, मग पान उलट.

१९६३ ला टीम जमली ती रेडिओवरच्या हाकेनं, आणि ५६ वर्षांनी सगळे परत आले तेव्हाही हाक कानातच आली. मला नाही माहीत लिहिणाऱ्यांनी हे मुद्दाम केलं की नाही, मला ते दिसतं एवढं खरं.

आणि हे नुसते भरपूर हिरो कोंबून होत नाही, हे पण सांगायला हवं. सॅमचा आवाज ओळखू येतो कारण २०१४ पासून आपण त्याला ऐकतोय, त्याची आणि कॅपची पहिली भेट, पहाटे पळताना एकमेकांना चिडवणं, सगळं आपल्याकडे जमा आहे. भेट, भांडण, मग एकत्र. २०१७ च्या जस्टिस लीगमध्ये अर्ध्या टीमची आणि आपली धड ओळखच झाली नव्हती, फ्लॅश कोण, सायबॉर्ग कोण, कळेपर्यंत लढाई सुरू. २०२१ ला त्याच पिक्चरची चार तासांची आवृत्ती आली, त्यात सायबॉर्गला त्याच्या वडिलांसकट नीट वेळ दिला, आणि बघा, शेवट बघताना आता पोटात कालवतं. ज्यांना चार तास फार वाटतात त्यांच्याशी माझं पटत नाही. आणि एक विनंती, लढाया एवढ्या काळोखात दाखवू नका हो, दिसत असलेल्यांनाही दिसत नाही.

वेळ संपत आलाय. मार्च २०२५ मध्ये पुढच्या अव्हेंजर्सच्या, म्हणजे डूम्सडेच्या कलाकारांची नावं जाहीर झाली, आणि कशी, तर थेट प्रक्षेपण, पाच तासांहून जास्त, आणि पडद्यावर नुसत्या खुर्च्या. खुर्चीच्या पाठीवर नाव, कॅमेरा सरकतो, पुढची खुर्ची. मी फोन स्पीकरवर टाकून मामाला नाव वाचून दाखवत होते, आणि प्रत्येक नाव आलं की तो म्हणायचा, कसा दिसतो सांग, आणि मी सांगायचे, उंची, केस, हसतो कसा. पाच तास, बरं का.

मग खुर्ची आली पॅट्रिक स्टुअर्टची. २००० साली पहिल्या एक्स-मेनमध्ये प्रोफेसर एक्स झालेले ते. मी सुरुवात केली, "मामा, टक्कल आहे, वय झालंय आता..."

"थांब," मामा म्हणाला. "ह्याला मी पाहिलंय."