खुकुरी: आधी अवजार, मग शस्त्र

मंडळी, खुकुरी म्हणजे नेपाळचा बाकदार सुरा. तिच्याबद्दल एक समजूत जगभर पसरली आहे: एकदा म्यानाबाहेर निघाली की रक्त लागल्याशिवाय ती परत जात नाही. यात काही तथ्य नाही. पूर्व नेपाळच्या डोंगरी गावात ती दिवसभर हाताशी असते. जळण फोडायचं, गुरांसाठी पाला तोडायचा, बांबू चिरायचा, मांस कापायचं, सगळं तिनंच. दशैंत, म्हणजे तिथल्या दसऱ्यात, बळी देतात तोही तिनंच. १८१४ ते १८१६ च्या युद्धात इंग्रजांनी तिचा मार सोसला आणि पुढं गोरखा पलटणींमुळं तिचं नाव सर्वदूर झालं, हे खरं. पण संग्रह करणाऱ्यानं ती आधी घरचं अवजार म्हणून पाहावी, असं माझं ठाम मत आहे.

पाहायची म्हणजे काय, तर ती घडते कशी इथपासून. पूर्व नेपाळातल्या भोजपूर, धरान या भागांतले कामी, म्हणजे लोहार, आज बहुधा ट्रकच्या स्प्रिंगचं जुनं पोलाद घेतात. पातं ठोकून झालं की लाल तापवतात आणि किटलीनं पाण्याची बारीक धार फक्त कडेवर सोडतात. कड कठीण होते, पाठ नरम राहते. पाठीत उरलेली उष्णता मग कडेकडं सरकते आणि तिचा ठिसूळपणा घालवते. किती पाणी, कुठवर, कधी थांबायचं, हे कारागीर पोलादाचा रंग बघून ठरवतो. म्हणूनच घाव लाकडात बसला तरी पातं तुटत नाही. वजन पुढं, पात्याच्या रुंद पोटाशी असल्यानं मनगटाला जोरही कमी लागतो.

ही विद्या ज्यांच्या हातात, त्यांना गावानं उंबऱ्याबाहेर ठेवलं. कामी दलित समाजातले. वर्षभर अवजारं घडवायची, धार लावायची आणि सुगीला धान्य घ्यायचं, अशी तिथली ‘बाली’ची रीत. आपल्याकडच्या बलुत्यासारखीच. १९६३ च्या मुलुकी ऐननं, म्हणजे नेपाळच्या कायदेसंहितेनं, जातीवरून भेदभावाला कायद्याचा आधार उरला नाही, पण गावात तो चालूच राहिला. म्हणून नवी खुकुरी घेताना विक्रेत्याला घडवणाऱ्याचं नाव जरूर विचारा.

जुन्या खुकुऱ्यांचा मोठा साठा २००३ मध्ये काठमांडूच्या लगन सिलेखान्यातून, म्हणजे जुन्या शस्त्रागारातून, अमेरिकी व्यापाऱ्यांनी विकत घेतला. त्यातल्या कित्येक पात्यांवर देवनागरीत पलटणींच्या खुणा कोरलेल्या आहेत. परदेशी संग्राहक ज्या अक्षरांशी झटतात, ती आपल्याला सरळ वाचता येतात! अशा पात्याला चुकूनही ग्राइंडर लावू नका, खुणा कायमच्या जातात. रॉकेलचा बोळा, मऊ कापड, मग तेलाचा पातळ हात, एवढं पुरे. कातडी म्यान ओल धरतं, तेव्हा जास्त काळ ठेवायची असेल तर पातं बाहेर ठेवा. आणि नऊ इंचांहून लांब पातं बाळगायचं तर शस्त्र नियमांची चौकशी आधी करून घ्या.

वापरायची असेल तर नवख्यानं पहिल्यांदा म्यान धरायला शिकावं. बोटं म्यानाभोवती वळवून धारेच्या बाजूला आणू नयेत. जुनी शिवण उसवलेली असते, पातं तिथूनच बाहेर येतं आणि बोट कापतं. म्यान पात्याच्या बोथट पाठीच्या बाजूनं धरा, पातं म्यानाच्या त्याच बाजूला टेकवून सावकाश ओढा. आत ठेवतानाही तसंच.