माळरानावरचा पहिला पावसाळा

श्रोतेहो, नमस्कार. नवं पडीक रान घेतलं की बहुतेकांना आधी जेसीबी आठवतो. माझी कळकळीची विनंती आहे, जेसीबी वर्षभर थांबू द्या आणि पहिला पावसाळा झाडांच्या बियाण्याच्या प्रयोगाला द्या.

मी बोलतोय ते दख्खनच्या पठारावरच्या मुरमाड माळाबद्दल. अशा रानातून आधी पायी हिंडा. जिथं नुसतं कुसळी गवत माजलंय, तिथं माती बहुधा पातळ असते. जिथं बोर-बाभूळ आपसूक उगवलीय, तिथं मुळांना खाली वाट सापडलेली असते. शंका वाटली तर पहार मारून बघा. मग उतारावर, सखल भागात, झुडपाच्या आडोशाला आणि समतल चराच्या (उताराला आडव्या खणलेल्या चराच्या) भरावावर लहान लहान तुकडे आखा. सगळीकडे तेच बी टोका, खुंट्या ठोका, तारीख वहीत लिहा.

बी कोणतं? कडुनिंब, बाभूळ, करंज, सीताफळ. कडुनिंबाचं बी साठवून ठेवू नका. जून-जुलैत पिकलेल्या लिंबोळ्या गोळा करा, गर धुऊन काढा, बी सावलीत सुकवा आणि दोन-तीन आठवड्यांत टोकून मोकळे व्हा. पुढं त्याची उगवण झपाट्यानं घटते. बाभळीचं तसं नाही. तिचं कवच टणक. उकळतं पाणी चुलीवरून उतरवून बियांवर ओता आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी फुगलेलं बी वेचून लावा. त्याहून सोपं म्हणजे मेंढपाळाकडं जा. बाभळीच्या शेंगा खाल्लेल्या शेळ्या रवंथ करताना बिया टाकतात. वाड्यात पडलेल्या त्या बिया चांगल्या उगवतात.

सुबाभूळ मात्र मी सुचवणार नाही. वाढते भराभर, पण मग आवरत नाही.

पिशवीतलं रोप का नको? पिशवीत फार दिवस राहिलं की सोटमूळ तळाशी वेटोळं घालतं. जागेवर टोकलेल्या बियाचं मूळ सरळ खाली ओल शोधत जातं, आणि माळावर उन्हाळा निघतो तो त्या ओलीवरच.

गुरं-शेळ्यांपासून रान राखावंच लागेल. हिवरे बाजारनं चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली म्हणून तिथलं डोंगरावरचं गवत परत आलं.

पुढच्या मे महिन्यात वही घेऊन फिरा. जे तगलं, त्याचंच बी जूनमध्ये तशाच जागी जास्त टोका. जिथं काहीच उरलं नाही, तिथं झाडाचा नाद तूर्त सोडा. पवन्या गवत आणि स्टायलो पेरा. स्टायलो द्विदल आहे, नत्र जमिनीत धरतं. त्याचं बी बारीक, म्हणून मातीत कालवून वरच्यावर फोका, खोल गाडू नका.