विजेत्यांचं जमीनदप्तर

मंडळी, फ्रान्सच्या दक्षिणेला, ऱ्होन नदीच्या खोऱ्यात ओराँज नावाचं शहर आहे. तिथलं रोमन नाट्यगृह पाहायला जगभरातून लोक येतात. त्याची मागची भिंत १०३ मीटर लांब आणि ३७ मीटर उंच. भव्य आहेच ती. पण रोमनांनी गॉल, म्हणजे साधारण आजचा फ्रान्स, जिंकल्यावर खेड्यापाड्यांचं काय झालं, हे त्या भिंतीवरून कळत नाही. ते कळतं समोरच्या संग्रहालयातल्या फुटक्या संगमरवरी तुकड्यांवरून. यातले बरेचसे १९४९ मध्ये खोदकामात सापडले.

हे तुकडे म्हणजे तिथला सातबारा. इ.स.पू. ३५ च्या सुमारास रोमच्या एका पलटणीतल्या निवृत्त शिपायांना इथे वसवलं गेलं. त्यांना जमीन द्यायची म्हणून मोजणीदारांनी अख्खं शिवार चौकोनांत आखलं. एकेका चौकोनाची बाजू सुमारे ७१० मीटर, क्षेत्र सव्वाशे एकरांच्या आसपास. पुढे काही सार्वजनिक जमिनींवर खासगी लोकांनी कब्जा केला, तेव्हा इ.स. ७७ मध्ये सम्राट व्हेस्पेशियननं त्या मोकळ्या करण्यासाठी नवा नकाशा दगडावर कोरून जाहीरपणे लावायचा हुकूम काढला. प्रत्येक चौकोनात वर्षाचा आकार, म्हणजे जमिनीचा सारा, तोही लिहायचा होता.

आता एक चौकोन जवळून बघा. आधी त्याचा पत्ता: मुख्य रस्त्याच्या उजवीकडे की डावीकडे, आडव्या रेषेच्या अलीकडे की पलीकडे, कितवा. मग जमिनीची वाटणी: इतकी शिपायांना, करमुक्त. इतकी वसाहतीकडे, भाड्यानं द्यायला. आणि काही चौकोनांत संक्षिप्त अक्षरांत शेवटची नोंद: त्रिकास्तिनींना परत. त्रिकास्तिनी म्हणजे तिथले मूळचे गॉल लोक. त्यांचीच जमीन, त्यांनाच ‘परत’! आणि परत मिळालेली बहुतेक जमीन कमी कसाची, मैदानाच्या कडेची. सपाट, चांगली जमीन शिपायांकडे गेली. मला हा दगड वाचताना राग येतो, कारण कारकुनानं तो इतक्या नीटनेटक्या हातानं कोरलाय.

दगडावर आकार आहे, वाटण्या आहेत. प्रत्यक्ष नांगर धरणाऱ्यांविषयी तो गप्प आहे. त्यांच्यापर्यंत पोचायला मातीच उकरावी लागते. १९९० च्या दशकात वेगवान रेल्वेचा मार्ग याच मैदानातून गेला, तेव्हा पुरातत्त्वज्ञांना रोमन काळातले चर सापडले, द्राक्षवेली लावण्यासाठी खणलेले खड्डे सापडले. पाणी साचणाऱ्या जमिनीत चर काढला की काम संपत नाही. गाळ भरतो, गवत माजतं, पुन्हा पुन्हा तो उपसावा लागतो, नाहीतर वेलींची मुळं कुजतात. मोजणीदाराची रेघ एकदाच ओढली गेली, पण तिच्यावरचा चर टिकवायला माणसं पिढ्यान्‌पिढ्या फावडं घेऊन राबली.