बटण आणि त्याचे घर

(नाशिक येथे गोदाकाठी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

श्रोतेहो, 'बटण' हा शब्द इंग्रजीत कुठून आला आणि त्याचा मूळ अर्थ काय, हा आजचा विषय आहे; परंतु ज्या प्रसंगामुळे तो माझ्या मनात घर करून बसला, तो आधी सांगणे मला आवश्यक वाटते.

भाचीच्या लग्नासाठी मी मेन रोडवरच्या एका शिंप्याकडे कोट शिवायला टाकला होता. कोट घरी आणल्यावर दिसले की दोन्ही बाह्यांवर चार-चार बटणे ओळीने लावलेली आहेत, पण त्यांना काजेच नाहीत. मी तसाच परत गेलो आणि म्हणालो की, काज न करता बटण लावणे म्हणजे कडी बसवून कोयंडा विसरणे होय. त्यांनी शांतपणे उत्तर दिले, "काका, ती शोभेचीच असतात." पूर्ण मजुरी घेऊन अर्धे काम केल्याची ही तक्रार मी पुढे कितीतरी वर्षे घरी आणि गंगेवर फिरायला येणाऱ्या स्नेह्यांजवळ बोलून दाखवली. आजोबांच्या बाराबंदीचा प्रत्येक बंद बांधण्यासाठीच होता, आणि आईने शिवलेल्या झबल्याला कापडाची गुंडी असली तर तिच्यासाठी दोऱ्याचा फासही असे. त्यामुळे काहीच न बांधणारे बटण मला फसवणूक वाटत होते.

शब्दाचा माग काढला तेव्हा मात्र त्या शिंप्याचे म्हणणे इतिहासाला धरून असल्याचे मला मान्य करावे लागले. मोहेंजोदडोला सापडलेली शिंपल्याची बटणेसुद्धा मुख्यतः शोभेची असावीत, असे मानले जाते. कपडा घट्ट बसवणारी, काजात अडकणारी बटणे युरोपात रूढ झाली ती 13व्या शतकाच्या सुमारास.

अध्यक्षांनी वेळेची चिठ्ठी पाठवली आहे, म्हणून मूळ मुद्दा थोडक्यात मांडतो. इंग्रजीने हा शब्द जुन्या फ्रेंचमधून घेतला. फ्रेंचमध्ये 'बुतों' म्हणजे बटण, झाडावरची कळी आणि अंगावरची पुटकुळीही. कारण तो ज्या क्रियापदापासून आला, त्या 'बुते'चा अर्थ ढकलणे, पुढे रेटणे असा आहे. आतून रेटून वर आलेला उंचवटा, एवढाच त्या नावाचा आशय होता. बांधणे हा अर्थ त्यात नव्हता, तो काजाच्या सोबतीने नंतर आला. दिव्याचे बटण काहीही बांधत नाही, तरी त्याला आपण निःशंकपणे बटण म्हणतो आणि ते दाबतो, तेव्हा नकळत त्या जुन्या ढकलण्याच्या जवळ जातो.

राहिले काज. हा शब्द मराठीत पोर्तुगिजांकडून आला. त्यांच्या भाषेत 'काझा' म्हणजे घर, आणि बटण ज्या छिद्रात शिरते त्यालाही ते आजतागायत घरच म्हणतात. माझ्या कोटाच्या बाह्यांवर आठ बटणे होती आणि घर एकालाही नव्हते.