दहमुह : धामकाठचा सेतुबंध

[धाम नदी, पवनार. सकाळ.]

वर्ध्याहून नागपूरकडे निघालं की धाम नदीवर पवनार लागतं. विनोबांचं पवनार. त्याच्याही आधी, पाचव्या शतकात, वाकाटकांची राजधानी प्रवरपूर इथेच होती, असं इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी मांडलं. आश्रमाच्या जमिनीत खोदताना हे भरतभेटीचं शिल्प निघालं. भरताचे हात बघा.

आणि त्याच घराण्यातला राजा, दुसरा प्रवरसेन, एक महाकाव्य लिहून गेला : ‘सेतुबंध’. पंधरा आश्वासांचं, म्हणजे सर्गांचं. राजाला संस्कृत येत नव्हतं असं नाही, पण लिहिलं महाराष्ट्री प्राकृतात, मराठीच्या पूर्वज भाषेत. संस्कृत काव्यशास्त्रकार दंडीनं या भाषेला सर्वांत उत्कृष्ट प्राकृत म्हटलं, ते याच काव्याकडे बोट दाखवून. आपल्या किती शाळांत याचं नाव तरी निघतं?

[अंगण. पाटा. हात.]

इथून जवळच्याच एका गावात ते निघतं. हे हात ड्रॉइंगच्या सरांचे. शाळेतून निवृत्त झाले आणि सेतुबंध चित्रांत काढायला बसले.

पाट्यावर आहे ती वावरातली काळी माती. आधी ती बादलीत कालवायची. खडे तळाशी बसले की वरचं गढूळ पाणी लुगड्याच्या फडक्यातून गाळून घ्यायचं आणि रात्रभर हलवायचं नाही. सकाळी निवळ पाणी ओतून दिलं की खाली ही अशी साय उरते. ती वाटायची, त्यात बाभळीचा डिंक. केशरी रंग पळसफुलांचा, पांढरा चुन्याचा. रेखाटायला पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्या, डब्यात घट्ट बंद करून चुलीत भाजलेल्या. हा कोळसा बोटाखाली मऊ पसरतो. सर घाई करत नाहीत, म्हणून आम्हीही कॅमेरा हलवला नाही.

[ओसरीत पसरलेलं मोठं चित्र.]

हा सेतू. वानरांनी उपटलेले डोंगर समुद्रात पडतायत, डोंगरांबरोबर हरणं, हत्ती, झाडंही. खडक धामच्या पात्रातले आहेत, तुम्ही आत्ताच पाहिलेत. आणि वानरं काळ्या तोंडाची, लांब शेपटाची, तुरीत शिरतात ती.

सर म्हणतात, “काव्याचं दुसरं नाव दहमुहवहो. दहमुह म्हंजे दहा तोंडाचा, रावण; वहो म्हंजे वध. पोट्ट्याईले सांगाच लागत नाही जी. दश शिकवा लागते, दहा तं घरचंच हाय.”

मुलं चित्रावर वाकून तोंडं मोजतायत.

मागच्या पावसाळ्यात भिंतीला ओल आली, पहिल्या चार आश्वासांची चित्रं गेली.

[कोरा कागद. कोळसा.]

सर ती पुन्हा काढतायत. काव्य सुरू होतं तेच पाऊस सरल्यावर. शरद आला आहे, आभाळ निवळलं आहे, राम वाट बघतो आहे, आणि हनुमान सीतेचा मणी घेऊन परततो. कागदावर आत्ता फक्त आभाळ आहे.