करारात न आलेला शब्द

२९ फेब्रुवारी २०२० रोजी दोहा येथे अमेरिका आणि तालिबान यांनी ज्या करारावर सह्या केल्या, त्यात परदेशी फौजांच्या माघारीचे वेळापत्रक होते आणि किती कैदी सुटणार याचे आकडेही होते. स्त्रियांचा उल्लेख मात्र एकदाही नव्हता. त्या वाटाघाटींत अफगाण सरकारलाच जागा नव्हती. स्त्रियांच्या हक्कांचे काय ते अफगाणांनी नंतर आपसांत ठरवावे, असे सांगण्यात आले.

ती नंतरची बैठक १२ सप्टेंबर २०२० रोजी दोहातच सुरू झाली. सरकारच्या बाजूने आलेल्या २१ जणांत ४ स्त्रिया होत्या, तर समोरच्या रांगेत एकही नव्हती. चौघींपैकी फौजिया कूफी यांचा हात प्लास्टरमध्ये होता, कारण महिनाभरापूर्वीच काबूलजवळ त्यांच्यावर गोळीबार झाला होता. त्या हल्ल्याशी आपला संबंध नसल्याचे तालिबानने सांगितले होते.

इस्लामच्या चौकटीत स्त्रियांना सर्व हक्क मिळतील, असे तालिबानचे प्रतिनिधी सांगत. ऐकायला हे आश्वासक वाटते. पण ती चौकट कोण आखणार, हे कागदावर आले नाही, तर सत्ता ज्याच्या हाती त्याचाच अर्थ खरा ठरतो. २००४ च्या अफगाण राज्यघटनेच्या २२ व्या कलमात स्त्री-पुरुषांना समान हक्क स्पष्ट शब्दांत दिले होते, आणि ते शब्द टिकवण्यासाठीच या चौघी तिथे बसल्या होत्या. दुर्दैवाने, फौजा परत नेण्याचे वचन अमेरिका आधीच देऊन बसली होती, त्यामुळे तालिबानवर दबाव आणावा असे फारसे काही हाती उरले नव्हते.

हे अटळ नव्हते, हे आम्ही आग्रहाने सांगतो. कोलंबिया सरकार आणि फार्क बंडखोर यांच्यात २०१२ मध्ये हवाना येथे बोलणी सुरू झाली, तेव्हा तिथेही मुख्य वाटाघाटी पुरुषांच्याच हाती होत्या. स्त्री संघटनांनी ऑक्टोबर २०१३ मध्ये बोगोटात परिषद भरवून प्रतिनिधित्व मागितले. पुढच्याच वर्षी मसुदा स्त्रियांच्या दृष्टीने तपासणारी उपसमिती नेमली गेली. लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यांना माफी नाही, ही अट २०१६ च्या करारात आहे.

काबूल १५ ऑगस्ट २०२१ रोजी तालिबानच्या हाती गेले. २३ मार्च २०२२ च्या सकाळी माध्यमिक शाळांत पोहोचलेल्या मुलींना काही तासांतच, पुढील आदेश येईपर्यंत, घरी पाठवण्यात आले. फौजांची माघार पूर्ण होऊन तेव्हा सात महिने होत आले होते.